कंपनी या शब्दाचा अर्थ

सातारा-औंध एसटीत मी आपलीच समजून शेजाऱ्याची पिशवी उघडली. दोनातली एक भाकरी संपल्यावर लक्षात आलं, की आमच्या घरी एवढी पातळ भाकरी होत नाही. शेजारी निवृत्त फौजी होता. पाठ ताठ, मिशी ताठ. इतका वेळ तो नुसता बघत होता. आता त्यानं पिशवीतली ठेच्याची डबी काढून माझ्यापुढं धरली.

"माफ करा, चूक झाली," मी म्हणालो.

"खावा की."

लाज लपवायला मी ज्ञान पाजळलं. "तुमच्या फौजेत कंपनी असते ना, तो शब्द मूळ लॅटिन. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, सगळ्यांकडे आहे. अर्थ, एकत्र पाव खाणारे."

त्यानं जरा विचार केला. "आमच्यात चपात्या हुत्या. पर गस्तीवरची पोरं आल्याबिगर ताटाला कुणी हात लावत नसं. एकदा दोघं आलीच न्हाईत. त्या दिशी सगळी कंपनी उपाशी ऱ्हायली."

मग त्यानं उरलेली भाकरी मोडली, मोठा तुकडा मला दिला आणि मी घास घेईपर्यंत थांबला.

घरी बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अर्थही तुम्हीच सांगितलात आणि भाकरीही तुम्हीच खाल्लीत."