लायब्ररीतली कथा आणि माणिकरावांचा शिरा

“मॅडम, चौरंग कुठं मांडू?” गयामावशीनं दारातूनच विचारलं.

मी हॉलमध्ये सतरंज्या अंथरत होते. वर बघितलं तर मावशी डोईवर पदर घेऊन उभी, काखेत केळीचे खुंट. मागं तिच्या गल्लीतल्या बाया, पोरंसोरं, काठी टेकत आलेले म्हातारे. कुणाच्या हातात रवा, कुणाच्या हातात साखर. मी यातलं काहीच मागवलं नव्हतं.

ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या एका गावात मी ग्रंथपाल आहे. आमच्या कोर्सला ‘विस्तार सेवा’ नावाचा पेपर होता. वाचक येत नसेल तर लायब्ररीनं आपणहून त्याला बोलवायचं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी लहानथोर सगळ्यांसाठी कथावाचन ठरवलं होतं. एकानं मोठ्यानं वाचायचं, मधेच थांबायचं आणि पुढं काय होईल ते ऐकणाऱ्यांना विचारायचं. पहिल्या खेपेला फक्त माझी जाऊ आली. तीही निवडायला मेथी घेऊन.

लायब्ररीचे अध्यक्ष माणिकराव तेव्हाच म्हणाले होते, “या शनिवारी हॉल भरला तर ठीक. नाहीतर सोमवारी चावी ट्यूशनवाल्याला.” म्हणजे पोरांचं कपाट, म्हाताऱ्यांचा पेपरचा बाक, सगळं जिन्याखाली गेलं असतं. त्या विचारानं माझा जीव तुटत होता.

मी पंचायतीच्या शिपायाला फोन लावला. भोंग्यावरून त्यानंच पुकारलं होतं.

“बापू, काय सांगितलंस रे गावाला?”

“लायब्रीत कथा हाय म्हणून.”

“वाचन कुठं गेलं? कथावाचन!”

“मॅडम, कथा काय वाचल्याबिगर होती व्हय?”

कपाळ माझं! आमच्याकडं नुसतं ‘कथा’ म्हटलं की ती सत्यनारायणाचीच.

तेवढ्यात माणिकराव आले. भरलेला हॉल बघून खूश झाले, मग खुंट बघून चपापले. “भटजी कुठायत?”

मी खरं काय ते सांगितलं.

“मग सांगून टाका लोकांना. उठून गेले तर माझा नाइलाज हाय.”

मी पुढं झाले. “मावश्यांनो, काकांनो, ऐकण्यात घोटाळा झालाय. इथं पूजा नाही. मी एक गोष्ट वाचणार आहे.”

कुजबूज झाली. मागून कुणीतरी विचारलं, “म्हंजी परसाद न्हाई?”

दोघीतिघी पदर सावरायला लागल्या. मी न थांबता बोलून गेले, “प्रसाद आहे! पण कथा संपल्यावर.”

“मग बसा गं,” गयामावशी म्हणाली. “परसाद टाकून उठू न्हाई.” प्रसाद टाकून जाणाऱ्यांचं काय होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्या खाली बसल्या.

मी माणिकरावांकडं वळले. “तुमचं घर समोरच आहे. शिरा तेवढा होऊ द्या.”

“अवो, आमची मंडळी तर इथंच पुढं बसली की!”

“मग तुम्ही करा. अध्यक्ष तुम्हीच.”

बाया पदरात तोंड घालून हसल्या. माणिकराव रवा-साखर घेऊन निघाले.

मावशीनं चौरंग मांडला, खुंट बांधले आणि माझ्या हातातलं पुस्तक घेऊन त्याला हळदकुंकू लावलं. पुस्तकाला डाग पडला तर मी वाचकाची सालटी काढते. पण त्या दिवशी तेच पुस्तक उघडून वाचायला बसले.

गोष्ट होती बाजारात हरवलेल्या गाढवाची. एक पान झालं, मी थांबले, तर मावशीनं सवयीनं सोबत आणलेली पूजेची घंटा वाजवली. “अध्याय पयला!” झालं! पोरांना घंटाच हवी होती. पुढं दर पानाला अध्याय संपायला लागला.

“गाढव कुठं गेलं असेल?” मी विचारलं.

“चोरलं असंल,” एक म्हातारबा म्हणाले.

“न्हाई, ते रुसलंय,” एक चिमुरडी म्हणाली.

“गाढव रुसतंय व्हय गं?”

“आजी रुसती की!”

हॉल खदखदून हसला. म्हातारबांची बायको सगळ्यात जोरात. मग जो वाद पेटला! म्हातारे एकीकडं, पोरं एकीकडं. मला वाचूच देईनात. मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं.

गाढव सापडलं तेव्हा माणिकराव पातेलं घेऊन दारात आले. घामाघूम, सदऱ्यावर तूप. “जरा खाली लागलाय,” ते हळूच म्हणाले.

मावशीनं चाखला. “कथा लय बेस झाली. शिरा करपलाय.” मग मला विचारलं, “म्होरल्या शनवारी कुणाची कथा?”

माणिकरावांनी हॉलभर नजर फिरवली. बोटं चाटत बसलेली पोरं बघितली. “चावी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच,” म्हणाले. “अन् शिऱ्याचं आधी सांगत जा, रवा मंद आचेवर भाजावा लागतोय.”

आता दर शनिवारी आमच्याकडं कथा असते. विस्तार सेवेच्या पेपरात शिऱ्याचा उल्लेख नव्हता. असायला हवा होता. आणि एक टीपही, की तो शेवटीच वाटावा.