अल मजाजमधला सत्तापालट

शारजात अल मजाजला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बेलग्रेडच्या एक आजी राहायला आल्या, तेव्हा माझी मुलगी पाचवीत होती. आजींचा जावई माझ्याबरोबर हमरिया फ्री झोनमध्ये कामाला होता. युगोस्लाव्हिया फुटला, लढाया झाल्या, म्हणून लेकीनं आईला इकडे आणलं होतं. आजींचं इंग्रजी शब्द शोधत, सावकाश चालायचं. मुलांना त्याचं काहीच वाटत नसे. बिल्डिंगमधली सगळी पोरं शाळा सुटली की त्यांच्याकडेच.

एकदा माझ्या मुलीनं त्यांना विचारलं, खरा राजा पाहिलाय का?

"लांबून पाहिला," आजी म्हणाल्या. "त्याचे वडील परदेशात मारले गेले तेव्हा तो लहान होता. मग वडिलांचा चुलतभाऊ त्याच्या नावानं राज्य बघायला लागला. सभ्य माणूस. त्याला चित्रांचा नाद होता. युद्ध दारात आलं, तेव्हा देश वाचावा म्हणून त्यानं जर्मनांशी करार मान्य केला. लोक भडकले. दोनच दिवसांत लष्करी अधिकाऱ्यांनी राजाच्या नावानं शहर ताब्यात घेतलं. रेडिओवर तरुण राजाचं भाषण लागलं, पण वाचणारा दुसराच. राजा राजवाड्यात बसून आपलंच भाषण ऐकत होता."

मुलं हसून हसून लोळली.

"अँड द अंकल?" मुलीनं विचारलं.

"तो आगगाडीत होता. त्याला परत आणलं आणि देशाबाहेर पाठवलं. आम्ही रस्त्यावर नाचत होतो. मी दहा वर्षांची होते, वडिलांच्या खांद्यावर. थोड्याच दिवसांत आमच्यावर जर्मनांचे बॉम्ब पडले. पण तो दिवस आमचा होता."

मुलांनी ठरवलं, याचं नाटक करायचं. राजा व्हायला चौघे तयार, रेडिओ व्हायला तर भांडणंच. काका मात्र कोणालाच व्हायचं नव्हतं.

"बाबा, यू डू इट," मुलगी म्हणाली. "यू नेव्हर शाऊट."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात नाही तर निदान बेलग्रेडमध्ये तरी राज्य करा."

शुक्रवारी दुपारी सोफा सोडून आमचा हॉल रिकामा केला. मुलांचे पालक बघायला आले, बायकोनं पातेलंभर पोहे केले. डायनिंगच्या खुर्च्या ओळीनं लावून गाडी झाली. मी शालू पांघरून करारावर सही केली आणि खिडकीशी जाऊन बसलो. पडद्यामागून इजिप्शियन शेजाऱ्यांच्या मुलीनं राजाचं भाषण सुरू केलं. राजा सोफ्यावर केळं खात ते ऐकत होता. मग बेडरूमचं दार उघडलं आणि मल्याळी, पाकिस्तानी, मराठी अशी सगळी प्रजा माझ्यावर धावून आली.

"खलास, अंकल, खलास! यल्ला, उतरा!"

मी मुकाट्यानं उतरलो. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आजी मात्र मान हलवत होत्या.

"एवढं हळू? आम्ही असं नव्हतो. पुन्हा."

मी पुन्हा गाडीत बसलो. पुन्हा मला उतरवलं. आजींचं समाधान होईना. तिसऱ्या वेळी त्या स्वतः चप्पल काढून गर्दीत शिरल्या आणि त्यांच्या भाषेत असं काही ओरडल्या की मी खरोखरच दचकून उठलो. शालूत पाय अडकला आणि मी थेट सोफ्यावर, राजाच्या मांडीवर जाऊन पडलो. केळ्याचा चेंदामेंदा झाला. आजी हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळे पुसत त्यांनी एका हातानं माझ्या बायकोला धरलं, दुसऱ्या हातानं माझ्या मुलीला, आणि खुर्च्यांभोवती रिंगण करून नाचायला सुरुवात केली. पावलं साधी होती. बायको म्हणाली, "अहो, हे तर फेर धरल्यासारखंच आहे," आणि तिनं झिम्म्याचा ठेका दिला. आजींनी तो लगेच उचलला.

त्यांची लेक दारात उभी होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "इथं आल्यापासून आई पहिल्यांदाच नाचतेय."

खालच्या मजल्यावरचे काका आवाजाची तक्रार करायला वर आले. मुलांनी त्यांनाही रिंगणात ओढलं. मग पोह्यांचं दुसरं पातेलं चढवावं लागलं.