टँकरच्या पाण्यातलं क्लोराईड

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून रसायनशास्त्राच्या पोरांना मी अठरा वर्षं बाटल्या दिल्या, आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे चिठ्ठी न वाचता सांगायचो. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी पडलेली असायची. साबणानं जात नाहीत ती. ते काळं मी कधी लपवलं नाही. लग्नाकार्यात हात पुढं करून बसायचो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावात नवीन साहेब, नवीन जीपा, पाट्या रंगवणाऱ्याला उसंत नव्हती. आणि पाणी नव्हतं. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, यायचा तेव्हा घरातल्या एका माणसाला कामधंदा बुडवून त्याच्यापाशी बसावं लागायचं. जिल्हा झाला म्हणजे पाणी येईल, असं काही लोक मनापासून धरून चालले होते.

त्या वर्षी माझी पोरगी बारावीला होती, आमच्याच कॉलेजात. सायन्स. आमच्या भावकीत शास्त्राकडं गेलेली ती पहिली. प्रॅक्टिकलचे मार्क हातचे गेले तर पुढच्या कॉलेजात नंबर लागणार नाही, हे ती मला रोज सांगायची आणि मी रोज म्हणायचो, "माय, तुला काय कमी आहे?" ती पाठ करत बसली की मी मधेच सांगायचो, अमोनियमचा वास असा येतो, तांब्याची ज्योत अशी दिसते.

ती म्हणायची, "अप्पा, वास पेपरात लिहिता येत न्हाई. समीकरण सांगा."

समीकरण मला येत नव्हतं.

प्रॅक्टिकलला पोरांना एक-एक पुडी मिळते, त्यातला क्षार ओळखायचा. कुठल्या नंबरला काय, हे शिपायाला माहीत असतं, कारण पुड्या तोच बांधतो. काही कॉलेजांत खुणा ठरलेल्या होत्या. शिपायानं टोपीला हात लावला की तांबं, नाक खाजवलं की अमोनियम. दुसऱ्या कॉलेजचा एक शिपाई मला म्हणायचा, "तू नाक बी खाजवत न्हाईस का रं? खाज तरी सुटू दे की!" मी अठरा वर्षांत परीक्षेच्या खोलीत शब्द बोललो नव्हतो. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचो.

म्हणूनच आमचे रसायनशास्त्राचे सर जेव्हा म्हणाले, "मामा, या वेळी तुमची मुलगी आहे. दुपारच्या बॅचला तुम्ही बाहेर बसा," तेव्हा मला राग आला.

"बाहेर बसायला मी काय चोर हाय का? बाटल्या कोण देणार?"

सरांनी हात जोडले. "बरं. पण डिस्टिल्ड पाणी पुरेल ना? नाहीतर बॅटरीच्या दुकानातून आणून ठेवा."

"इकत कशाला? मी काढतो."

हे बिनक्षाराचं पाणी काढायचं म्हणजे वाफ करून थंड करायची, आणि थंड करायला नळीतनं सारखं गार पाणी सोडावं लागतं. एका बाटलीला तीन-चार बादल्या. मागच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन उभ्या असताना मी ते गटारात सोडत नव्हतो. तेच पाणी बादलीत धरून परत वर ओतायचो. ते कोमट व्हायचं, वाफेचं नीट पाणी व्हायचं नाही. चार दिवसांत दोन बरण्या भरल्या. म्हटलं, बास झाल्या.

सकाळच्या बॅचनं दोन्ही बरण्या संपवल्या. परीक्षानळ्यासुद्धा त्याच पाण्यानं धुतल्या त्यांनी. मधल्या सुट्टीत मी रिकाम्या बरणीकडं बघत उभा होतो. दुकान पाच मिनिटांवर. पण सरांना काय सांगणार? पुरलं नाही म्हणून? मी टँकरचं पाणी घेतलं, उकळलं, दुहेरी धोतरातनं गाळलं. काचेसारखं दिसत होतं. त्या वर्षी टँकरमध्ये जंतू मारायची पांढरी पावडर टाकायचे, नाकाला वास यायचा. उकळल्यावर वास गेला. वास गेला म्हणजे पावडर गेली, असं मी धरलं.

दुपारी नांदेडहून आलेले परीक्षक खुर्चीत बसले. पोरांनी कामाला सुरुवात केली. मला बसवत नव्हतं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चकरा मारत होतो. तासाभरानं पहिल्या रांगेतल्या पोरानं सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. नळी पांढरी झाली. पोरगं खूष. शेजारच्याची पण पांढरी. त्याच्या मागच्याची पण. पांढरं पडलं की क्लोराईड, हे मला माहीत होतं. आणि त्या रांगेत मी क्लोराईडची पुडी एकच दिली होती.

पावडर पाण्यात तशीच होती. कळलं मला. तिथंच कळलं.

पोरगी तिसऱ्या टेबलावर. तिच्या पुडीत नायट्रेट होतं. तांब्याच्या चुऱ्यावर तांबडा धूर, म्हणजे नायट्रेटची खूण, तिला आधीच मिळाला होता, आणि आता नळी पांढरी. ती एकदा वहीकडं बघायची, एकदा नळीकडं. मला बोलायचं होतं. पण बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पोरीसाठी तोंड उघडलं. असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं एवढंच की पाणी माझं होतं. खोलीतली वीस पोरं चुकीचं लिहीत होती आणि मी बाटल्यांची बुचं पुसत होतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

मग पोरीनं एक कोरी नळी घेतली. बाटलीतलं नुसतं पाणी ओतलं. क्षार नाही, काही नाही. वर थेंब टाकले. पांढरं.

ती नळी हातात धरून ती सरळ परीक्षकांकडं गेली.

"सर, पाण्यातच क्लोराईड हाय."

परीक्षकांनी स्वतः करून बघितलं. "हे पाणी कोणी भरलं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं नाही. खाली बघत उभी राहिली.

"मी," म्हणलो. "टँकरचं हाय. उकळून गाळलेलं."

"गाळलेलं!" परीक्षक कपाळाला हात लावून म्हणाले. आमच्या सरांनी खिशातनं पैसे काढले.

मी पळत बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदार भाई हसून म्हणाला, "क्या मामा, कॉलेज की बॅटरी बैठ गई क्या?" मी दोन कॅन उचलले आणि पळतच आलो. परीक्षकांनी सगळ्यांना वेळ वाढवून दिला. नळ्या मी एकेक करून धुतल्या, पोरीच्या सगळ्यांच्या शेवटी.

घरी तिनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "अप्पा, तुमाला आधी कळलं होतं?"

"व्हय."

"कधी?"

"पहिल्या नळीला."

तिनं ताट सारलं नाही, रडली नाही. जेवण पुरं केलं. मग म्हणाली, "वीस जण होते."

लेखी पेपर आठवड्यानं होते. सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या पेपरला मी सायकल पुसून दारात उभी केली, कॅरिअरवर पोत्याची घडी टाकली. ती बाहेर आली, पॅड काखेत धरलं आणि चालायला लागली.

"माय, बस की. ऊन लागंल."

"चालते मी."

मी सायकलवर बसलो नाही. हातात धरून तिच्या मागं दहा पावलांवर चालत गेलो, सेंटरच्या फाटकापर्यंत. ती आत गेली. मी उन्हात तिथंच उभा राहिलो, पेपर सुटेपर्यंत.