उजेडाची काळजी

जगात काळजी करणारी माणसं पुष्कळ असतील, पण उजेडाची काळजी करणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लालबागला राहणारे हे मामा उभं आयुष्य सिनेमांच्या सेटवर दिवे लावत होते. आता निवृत्त झालेत, पण कोणाच्याही घरी गेले की माणसांआधी वर ट्यूबकडे बघतात, तिच्याखाली स्वतःचा हात धरतात आणि डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा चेहरा करतात. सुरमई घ्यायला गेले तर कोळणीच्या बल्बाखालून ती उचलून उन्हात नेतात; पिवळ्या उजेडात शिळा मासाही ताजा दिसतो म्हणे. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा बसल्या बसल्या म्हणाले, "ह्या ट्यूबखाली अप्सरा बसवलास तरी आजारी दिसतली," आणि ती बिचारी पोह्यांच्या बशीसकट खिडकीपाशी हलवली गेली. लग्न जमलं, पण मुलीचे वडील अजून मामांशी नीट बोलत नाहीत.

गेल्या वर्षी या माणसाला मी आपण होऊन बोलावलं. बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची. ज्या उंदराच्या गोष्टीवर मी लहानाचा मोठा झालो, ती बाबांच्या आवाजात, व्हिडिओवर, तिच्यासाठी राहावी, एवढीच माझी धडपड होती. बारा वाजता इस्पितळात दाखल व्हायचं होतं. मामा साडेनऊला आमच्या गिरगावच्या खोलीत तीन दिवे घेऊन हजर झाले, आणि माझा जीव टांगणीला लागला.

हॅलोजन लावला, तर बाबा दोन मिनिटांत घामाघूम. एलईडीचं पॅनल लावलं, तर कॅमेऱ्यात आडवे पट्टे फिरायला लागले. साध्या बल्बाने डोळ्यांखाली खड्डे पाडले. आमची ट्यूब तर त्यांनी विचारातच घेतली नाही. साडेदहा वाजले. बाबांना घोटभर पाणी गिळतानाही त्रास होत होता, आणि मामा खिडकीशी उभे राहून ऊन कधी येतंय ते बघत होते. शेवटी मी ओरडलोच. "मामा, मला आवाज हवाय. चेहरा काळा आला तरी चालेल."

मामांनी मान वळवली नाही. "जावयबापू, आवाज आयकताना पोर बगतला खंय? तोंडाकडेच मां?"

अकराला समोरच्या इमारतीआडून ऊन आलं. मामांनी सगळे दिवे बंद केले आणि बाबांचं पूजेचं पांढरं धोतर खिडकीला ताणून बांधलं. खोलीत मऊ उजेड पसरला. बाबांनी गोष्ट सांगितली, तीही उंदरामांजराचे आवाज काढून. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, त्यामुळे त्यांच्याकडे नीट पाहिलंच नाही.

ऑपरेशन झालं. बाबा बरे आहेत, आवाज गेला. रोज संध्याकाळी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून तो व्हिडिओ लावायला लावते. त्यात बाबांच्या ओठांची हालचाल न् हालचाल दिसते. ती बघून बघून बाबांनी पाठ केली आहे. आता मोबाइलमधून आवाज सुरू झाला की ते बरोबर ओठ हलवतात, एकही शब्द न चुकता, आणि मुलगी मोबाइल सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघत राहते. मामा एकदा हे बघून गेले. मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडलो होतो, त्याची माफी मागायची माझी अजून राहिली आहे.