आमचा डेक आणि बसल्यावर काय दिसतं

भोंगवलीच्या अक्का, गुडघा काय म्हणतोय? तेल लावताय ना रोज? तात्या, तुमचा खोकला हटला का अजून चिकटूनच बसलाय? आणि किकवीची धाकटी सून बाळंतीण झाली असं कळलं... बाळ रात्रीचं झोपू देतंय का तिला?

आमच्याकडं राजगडाखालच्या पालीत सगळे बरे आहेत. या खेपेला थोडं मिरवण्यासारखंही आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो. आमच्या घराला डेक झाला.

डेक म्हणजे काय, तर दाराच्या उंबऱ्याच्या पातळीला पुढं काढलेली फळ्यांची मोठी बैठक. एकही पायरी न उतरता माणूस घरातून थेट बाहेर. शब्द आमच्या सुरेखाचा, पुण्यातल्या लेकीचा. फोटोही तिनंच मोबाईलवर पाठवला.

आता हे खूळ कशापायी, ते सांगतो. आमचं घर उतारावर, दारापुढं सात दगडी पायऱ्या. गेल्या दिवाळीत आमची मालकीण, सुरेखाची आई, त्याच पायऱ्यांवरून घसरली आणि मनगट मोडलं. हात जुळला, पण पायऱ्यांची धास्ती काही गेली नाही. जिचा उभा जन्म अंगणात गेला, ती चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसायला लागली... बोलणंसुद्धा कमी झालं. ते मला बघवेना.

माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी जे येतं ते दुसऱ्याचं बघून बघून. तेव्हा हेही बघून करू म्हटलं. अंगणात चुन्यानं आखणी केली, सुतळी ताणली. जुन्या गोठ्याच्या माळ्यावर सागाच्या फळ्या पडून होत्या, त्या रंधा मारून गुळगुळीत करून घेतल्या. खाली लोखंडी पाईपचा सांगाडा, त्याला गंज धरू नये म्हणून दोन हात लाल रंग.

बबन मिस्त्री आमचा जुना माणूस, पण जिभेला धार. म्हणाला, "आबा, वेल्ह्याचा पाऊस हाय ह्यो. दोन वर्सांत होडी हुईल बगा ह्याची." म्हणून मग दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली, पाणी उभं राहायला नको. ही अक्कल माझी, बरं का... मिस्त्रीनं नंतर कबूल केलं.

कठड्याची उंची ठरवायला तर आम्ही काय काय केलं! जोत्याच्या उंचीला विटा रचल्या, त्यावर प्लास्टिकची खुर्ची मांडली. मी, मिस्त्री आणि थोरला मुलगा, तिघंही पाळीपाळीनं बसून आलो. बालेकिल्ल्यापर्यंत अख्खा राजगड डोळ्यांसमोर. ठरलं मग, कठडा कंबरेएवढा आणि खालपासून भरीव फळ्यांचा. तिचा पाय घसरला तरी भीती नको.

गुरुवारी नारळ फोडला. सगळ्या आळीनं कौतुक केलं, पुण्याहून आलेल्या सुरेखानं ढीगभर फोटो काढले. मालकीण सूप घेऊन आली, खाली पोतं टाकून तांदूळ निवडायला बसली. माझी छाती फुगली. पण थोड्या वेळानं बघतो तर ती उठून आत गेलेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मनातून रुसलो. म्हटलं, एवढी हाडं झिजवली, आणि हिला आपली चूलच बरी...

रविवारी एक स्क्रू हातातून निसटला. तो शोधायला खाली बसलो, नेमका तिच्या पोत्यावर. वर बघितलं तर गडाचा माथा. आणि समोर... फळी. नुसती फळी.

आमच्या घरात खुर्चीवर पाहुणा बसतो. ती लग्न होऊन आली तेव्हापासून भुईवर बसते. आम्ही तिघा बाप्यांनी सगळी मापं खुर्चीवर बसून घेतली होती, आणि जिच्यासाठी घेतली तिला एकदासुद्धा बसवून बघितलं नव्हतं.

आत जाऊन विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुमी येवढ्या हौसेनं केलं, त्यात म्या कुठं खोड काढू?"

मी तिच्याशेजारी टेकलो. मग हळूच म्हणाली, "गड काय, कुठं पळून चाललाय व्हय? रस्त्यानं कोन आलं, कोन गेलं, त्ये दिसाया नगं का मानसाला?"

बबनला परत बोलावलं. तो आधी हसला, मग त्यानंही पोत्यावर बसून बघितलं आणि हत्यारं काढली. या खेपेला मालकिणीला मधोमध बसवलं आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत फळीवर खडूनं खूण केली. त्या खुणेखालच्या फळ्या काढून तिथं उभे गज बसवले. काढलेल्या फळ्यांतून तिला टेकायची पाठ असलेला बुटका पाट करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागं परड्यात होतो. पुढून आवाज आला, "आगं ये पारू, कुठं निगालीस येवढ्या बिगीबिगी? ये की वर!" किती महिन्यांनी तो आवाज ऐकला... मी हातातलं खुरपं ठेवलं आणि नुसता ऐकत राहिलो.

आता ती दिवसभर तिथंच असते. फटीतून पडलेले दाणे खाली कोंबड्या टिपतात, त्यांचंही बरं चाललंय. बबन मिस्त्री फोटो घेऊन गेलाय, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. गावात सगळे त्याला आबाचा डेक म्हणतात, पण त्याचं खरं माप हिचं आहे.

तुमच्याही घरात कुणीतरी रोज एका ठरलेल्या जागी बसत असेल. आज त्या जागी जरा टेकून बघा, आणि समोर काय दिसतं ते मला लवकर लिहून कळवा. अक्का, तुम्ही पहिल्या. वाट बघतोय.