दुसरी ओडिलिया

सिस्टर ओडिलिया वारली तेव्हा तिच्याविषयी सगळ्यांना पुष्कळ माहिती होती, आणि त्यातलं जवळजवळ काहीच तिचं नव्हतं.

दोष मठाच्या जुन्या रीतीचा. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या होल्झबर्गच्या मठात मुलगी दाखल झाली की तिचं घरचं नाव काढून घेत आणि एखाद्या संताचं नाव देत. संत पुष्कळ, पण तिथल्या जर्मन शेतकऱ्यांच्या जिभेला पेलतील असे थोडे. म्हणून एखादी सिस्टर वारली की तिचं नाव रिकामं पडू देत नसत, पुढच्या तुकडीतल्या मुलीला देऊन टाकत. नावाबरोबर मेलेलीचा हिवाळी कोट आणि धोबीखान्याचा नंबरही मिळे. काटकसर हे मठाचं चौथं व्रत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत काटेकोरपणे तेच पाळलं जाई.

वर्ना श्लिमगेन ही अठरा वर्षांची मुलगी मठात आली त्याच वर्षी पहिली सिस्टर ओडिलिया वारली होती. पहिली म्हणजे मोठं प्रस्थ. १९१८च्या फ्लूच्या साथीत ती बर्फावरच्या घसरगाडीत बसून जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावणीवर गेली. बरोबरच्या दोघी सिस्टर तिथंच मेल्या. जमीन गोठलेली, कुदळ लागेना, तेव्हा तिनं जमिनीवर जाळ करून ती मऊ केली आणि थडगी खणली. जे जगले त्यांना बर्फ वितळल्यावर चालवत गावात आणलं. या बाईचं नाव वर्नाच्या वाट्याला आलं. कोट ढगळ होता, तो तिनं शिवून बेतात आणला. नावाचं तसं काही करता येत नव्हतं.

हे सगळं सांगू शकेल अशी आता एकटी सिस्टर ह्युबर्टा उरली होती. दोघी एकाच तुकडीतल्या. तुकडीतल्या बाकीच्यांपैकी काही वारल्या, काही सत्तरच्या दशकात झगा खुंटीला लावून निघून गेल्या. एक तर एका फादरलाच घेऊन गेली. ह्युबर्टानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि आता चाकांच्या वॉकरच्या आधारानं चालताना ती जमिनीकडे अशा नजरेनं बघे, जणू जमिनीनं गृहपाठ केलेला नाही. मठ विकला गेला होता. त्याच्या चॅपलमध्ये बिअरच्या टाक्या बसवल्या होत्या, आणि उरलेल्या अकरा सिस्टर गावातल्या वृद्धाश्रमाच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. मरायला मात्र जुनीच पद्धत होती: दफनाच्या आदल्या संध्याकाळी शवपेटी उघडी ठेवायची, आणि मेलेलीच्या तुकडीतल्या सिस्टरनं उभं राहून तिची आठवण सांगायची.

ओडिलियाची आठवण सांगायला तसं फारसं नव्हतं. मठानं तिला बिशपच्या सेमिनरीत पाठवलं. तिथं फादर तयार होत, आणि त्यांच्यासाठी ती तीसेक वर्षं स्वयंपाक करत राहिली. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. अलीकडे भांडी ठेवायची, कपाट फिरवायचं, पलीकडे मुलांनी काढून घ्यायची. मुलांना बाई दिसू नये, हा त्यामागचा विचार. तेव्हा निम्म्या जिल्ह्याचे फादर तिच्या हातची डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खाऊन तयार झाले, पण एकानंही तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

तिच्या घरचं शेत तिथून इतकं जवळ होतं की दक्षिणेचा वारा सुटला की आपल्याच गोठ्याचा वास येतो, असं ती म्हणे. पण घरी जायचं नाही, हा नियम. मरणालाही नाही. १९५७च्या एप्रिलात तिची आई गेली. मठाची प्रमुख मदर कुनिगुंडानं तिला बोलावून सांगितलं, "अंत्ययात्रेची गाडी सेमिनरीसमोरूनच चर्चला जाईल. न्याहारीची भांडी झाली की खिडकीशी उभी राहा. ही सवलत आहे हे लक्षात ठेव."

ओडिलिया उभी राहिली. दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी काळी गाडी आली आणि गेली. ती तिथंच, बटाट्यांच्या सालींत, गुडघे टेकून बसली. पुढं आयुष्यभर तिला एकच गोष्ट खटकत राहिली. "मागं दोनच मोटारी होत्या गं," ती ह्युबर्टाला म्हणे. "आठ लेकरं, एवढा गोतावळा, आणि माझ्या आईच्या मागं दोन मोटारी?"

तिच्या थोरल्या भावाला, एमिलला, वेगळंच खटकत होतं. त्याच्या हिशेबी वर्ना देवाच्या घरी गेली आणि माणसातून उठली. आईच्या मातीला आली नाही. सिस्टरांची पत्रं तेव्हा मदर वाचत, तेव्हा नियमाबद्दल एक अक्षर लिहायची सोय नव्हती. नियम सैल झाल्यावर तिनं लिहिलं, ती पत्रं न फोडता परत आली. एकदा ती स्वतःच शेतावर गेली. एमिल गोठ्यात गेला, आणि ती परत जाईपर्यंत बाहेर आला नाही. गाईंची धार एवढा वेळ कुणी काढत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिनं ह्युबर्टाचा हात धरला.

"माझी आठवण तूच सांगणार ना?"

"मी आधी गेले नाही तर. गेले तर तू माझी सांग. बीजगणिताचं कौतुक विसरू नकोस."

"चेष्टा नको करू. एमिलकडचं कुणी आलं तर तेवढं एक सांग. मी खिडकीत होते म्हणावं. बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल."

"आणि छावणीतली थडगी?"

ओडिलिया हसली, म्हणजे ऑक्सिजनच्या नळीमुळे शक्य होतं तेवढं. "ती दरवर्षी फादर वाखोव्याक सांगतातच."

फादर वाखोव्याक सत्तरीचे, मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या मनाचे. छावणीतून वाचलेल्या लाकूडतोड्यांत त्यांचे आजोबा होते. लहानपणापासून सिस्टर ओडिलिया हे नाव ते घरी ऐकत आले, आणि वृद्धाश्रमात त्या नावाची सिस्टर भेटल्यावर त्यांनी दर नाताळला येऊन तिचे आभार मानायला सुरुवात केली. हिशेब करायचं त्यांच्या मनात आलं नाही. प्रेमाला बेरीज-वजाबाकी येत नाही हे ह्युबर्टानं शाळेतही पाहिलं होतं. पहिल्या नाताळला ओडिलियानं त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी तो विनय मानला. पुढं तिनं नाद सोडला. "आभार मिळतायत तर घेते," ती म्हणाली. "स्वयंपाकाचे कुणी मानले नाहीत."

दफनाच्या आदल्या संध्याकाळी वृद्धाश्रमाच्या चॅपलमध्ये चाळीसेक माणसं जमली. त्यांत दोन ओळी फादरांच्याच होत्या. मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून एक साठीचा शेतकरी बसला होता. वृद्धाश्रमाची व्यवस्थापक शेरी ह्युबर्टाच्या कानाशी वाकली.

"तो डेल. एमिलचा मुलगा. म्हातारा नाही आला. याला पण दूध काढायला परत जायचंय. आणि सिस्टर, फादर म्हणतायत आठवण तेच सांगतील. तुम्हाला उभं राहायचा त्रास नको."

"मला बसायचाही त्रासच होतो. त्यावर फादर काय करणार आहेत?"

पण फादर वाखोव्याक उभे राहिले होते. त्यांनी घसरगाडी सांगितली, जाळ सांगितला, थडगी सांगितली. मग आजोबा सांगितले. लोक रडले. सहा वर्षं व्हीलचेअरमध्ये न बोललेली सिस्टर ॲग्नेलासुद्धा "आमेन" म्हणाली. मागच्या बाकावरच्या डेलनं घड्याळ पाहिलं आणि टोपी हातात घेतली.

ह्युबर्टाला वाटलं, राहू दे. एवढ्या लोकांना एवढी चांगली सिस्टर मिळाली आहे. मग तिनं टोपी पाहिली, आणि वॉकरचे ब्रेक लावून ती उभी राहिली.

"फादर, बसा आता. तुमच्या आजोबांना वाचवलं ती बाई १९५३ साली वारली. ती होल्झबर्गला पुरलेली आहे. ही जन्मलीच १९३५ साली."

चॅपलमध्ये लोक मनातल्या मनात वजाबाकी करत होते. काहींची बरीच लांबली.

"तुम्ही सेमिनरीत किती वर्षं होता?"

"सहा," फादर म्हणाले.

"सहा वर्षं तुम्ही हिच्या हातचं जेवलात. कपाटाच्या पलीकडे ही होती. पुढच्या दोन्ही ओळींत बसलेले सगळेच जेवलेत. तोंड पाहून घ्या, अजून पेटी उघडी आहे."

फादर वाखोव्याक वळले आणि खरंच पाहू लागले. बऱ्याच वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "रविवारचे सफरचंदाचे डंपलिंग?"

"तेच."

ते खाली बसले. ह्युबर्टा आता मागच्या बाकाकडे बघून बोलली.

"हिचं नाव वर्ना श्लिमगेन. हिची आई गेली तेव्हा हिला जाऊ दिलं नाही. आम्हाला कुणालाच जाऊ देत नसत. हिला सांगितलं, खिडकीत उभी राहा, गाडी समोरून जाईल. सकाळभर ही उभी होती. गाडी गेल्यावर उठली आणि सत्तर मुलांचं जेवण वाढलं. एवढंच सांगायला हिनं मला सांगितलं होतं. मी सांगितलं."

नंतर खाली हॉलमध्ये हॅमचे बन, बटाट्याचं सॅलड आणि चॉकलेटच्या वड्या होत्या. ह्युबर्टाच्या टेबलापाशी कुणी बसलं नाही. "म्हातारपणी अशाच कडू होतात," असं सॅलडच्या रांगेत एक बाई म्हणाली, आणि ते ह्युबर्टाला ऐकू गेलं. ऐकू न येणाऱ्या सिस्टर तिसऱ्या मजल्यावर पुष्कळ होत्या, पण ती त्यांतली नव्हती.

डेल हातात बन घेऊन आला आणि समोर बसला. बराच वेळ त्यानं बन खाल्ला नाही.

"सिस्टर, तुम्ही सांगितलंत ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी आत्याचं नावच काढत नाहीत."

"ठाऊक आहे."

"पण एक गोष्ट. आजीची गाडी सेमिनरीसमोरून गेलीच नाही."

ह्युबर्टानं कॉफीचा कप खाली ठेवला.

"त्या आठवड्यात नदीला पूर होता," डेल म्हणाला. "सेमिनरीकडे जायचा खालचा पूल बंद. आजीला टेकडीवरच्या रस्त्यानं नेलं. तिथं चिखलात गाडी रुतली, बाबांनी ट्रॅक्टर लावून ओढली. आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला ही गोष्ट होते. ट्रॅक्टरच्या मागं पेटी, पेटीच्या मागं अख्खा गाव. मोटारींची रांग घरापर्यंत होती म्हणतात."

"तिनं दोन मोटारी पाहिल्या," ह्युबर्टा म्हणाली.

"मग ती दुसऱ्या कुणाची तरी गाडी."

पलीकडच्या टेबलावर फादर वाखोव्याक कुणाला तरी सांगत होते की डंपलिंगमध्ये मनुका असत. त्या काळ्या गाडीत एक अनोळखी माणूस, मागं दोन मोटारी, आणि त्याच्यासाठी एक मुलगी बटाट्यांच्या सालींत बसून रडली होती. त्याला त्याच्या घरचे लोक तेवढे रडले असतील की नाही, कोण जाणे.

"बाबांना काय सांगू?" डेलनं विचारलं. "म्हणजे, सगळंच सांगू?"

खोट्या आठवणीवरून तासाभरापूर्वी ह्युबर्टानं चाळीस माणसांचं रडणं मोडलं होतं. तिनं वडीचा तुकडा मोडला आणि तो बशीतच ठेवला.

"ती उभी होती एवढं सांग. गाडीचं राहू दे."

"पुलाचं बाबांना आठवतं. ते लगेच म्हणतील."

"मग म्हणू दे. पण तू सांगू नकोस."

डेलनं मान हलवली. बन रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि तो धार काढायला गेला. दुसऱ्या दिवशी दफनाला तो आला नाही. ओडिलियाला होल्झबर्गच्या मठाच्या दफनभूमीत, बिअरच्या कारखान्यामागं, मरणाच्या क्रमानं ठरलेल्या जागी पुरलं. पहिली ओडिलिया सहा ओळी अलीकडे होती. दोन्ही क्रुसांवर एकच नाव. फादर वाखोव्याक आधी त्या थडग्यापाशी थांबले, मग या. आता ते दोन्हीकडे प्रार्थना करणार होते.

पुढच्या रविवारी जेवणाआधी फोन आला.

"सांगितलं बाबांना," डेल म्हणाला.

"काय म्हणाले? पुलाचं?"

"नाही. पुलाचं काही बोलले नाहीत. खिडकी कुठली, विचारलं. मी म्हटलं स्वयंपाकघराची. मग म्हणाले, खिडकी होती म्हणजे दारही असणारच."

ह्युबर्टाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. नियम, मदर कुनिगुंडा, तेव्हाचा काळ, सगळं ती बारकाईनं समजावून देऊ शकली असती. मग तिला ते स्वयंपाकघर आठवलं. एका उन्हाळ्यात तिथं मदतीला तीही होती. मागच्या दाराला कुलूप नव्हतंच. रोज सकाळी त्याच दारानं दुधाचे कॅन आत येत, आणि ते दार उघडायला ओडिलिया जाई.

"होतं," ती म्हणाली. "होतं दार."