नबीसाबची टाच

टाकीमागच्या मैदानावर खेळायचं, तर आधी नबीसाबची टाच काय म्हणते ते बघावं लागायचं. माणूस पन्नाशीचा, धंदा ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करण्याचा, अंगात फुटबॉल. पाऊस झाला की तो पँट दुमडून थेट गोलाच्या तोंडाशी जायचा, उजवी टाच कचकन रोवायचा, उचलायचा आणि वाकून बघायचा. मातीत वाटी उमटून तशीच राहिली की त्या दिवशी खेळ बंद. समोर नगरसेवकाचा पुतण्या असो की बँकेतले क्रिकेटवाले. "आज न्हाय. घरी जावा बे," एवढंच बोलून तो फाटक लावून घ्यायचा.

हा अधिकार त्याला महापालिकेनं दिला नव्हता. त्यानं तो कमावला होता. बारा वर्षांपूर्वी या मैदानावर लग्नाचे मांडव पडायचे, प्रदर्शनं लागायची, आणि मांडव गेला की खांबांचे खड्डे तेवढे मागे राहायचे. नबीसाब सातवी नापास. पण माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते तो लोकांना विचारून विचारून शिकला, कचेरीतल्या साहेबांशी भांडला, अकरा दिवस फाटकात बसला. मांडव बंद झाले. मग त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: मैदान सगळ्यांचं आहे, गाडी आत आणू नये, ओल्या मैदानावर खेळू नये, खेळून झाल्यावर जमीन सारखी करून जावे. नवजवान फुटबॉल क्लब, म्हणजे त्याचाच संघ, रोज जाताना जमीन दाताळ्यानं ओढायचा आणि रोलर फिरवायचा. त्याची त्याला घमेंड होती, आणि ती खोटी नव्हती.

पहाटे तिथं भुवनेश्वरी पळायची. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी ही पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. दोनदा थोडक्यात हुकली होती. यंदा वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटचीच. आठशे मीटर पळायचं होतं. नबीसाबनं स्वतः टेप धरून दोनशे मीटरची फेरी मोजून दिली होती. पलीकडच्या गोलासमोरून वळण घेणारी ती फेरी तो दर रविवारी पांढऱ्या फक्कीची रेघ ओढून ताजी करायचा. ती त्याला मामा म्हणायची. शेजारच्या गल्लीतच तिचं घर, आई दानम्मा आणि ती, दोघीच.

भरतीला चौदा दिवस उरले असताना स्पर्धेचा उपांत्य सामना आला. वैरागचा संघ टेम्पो करून आलेला. आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस बदाबदा कोसळून गेला होता. पुढची तारीख शिल्लक नव्हती. सामना झाला नाही तर निकाल नाणेफेकीवर लागणार होता. नवजवान क्लब नऊ वर्षांत अंतिम फेरीत गेला नव्हता, आणि यंदाचा संघ चांगला होता. कप्तान सोमेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "चाचा, टाच?"

दोन्ही संघ, पंच, बघे, सगळे त्याच्याकडे बघत होते. नबीसाबनं पँट दुमडली. पण तो गोलाकडे गेला नाही. फाटकाजवळ एक उंचवटा आहे. पाणी तिथून आधी ओसरतं, ती जागा सगळ्यात आधी वाळते, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं तिथं टाच रोवली. वाटी उमटली नाही.

"चालतंय," तो म्हणाला.

दोन-एकनं जिंकले. पोरं चिखलात लोळून घरी ओळखू येणार नाहीत अशी झाली होती. गोलाच्या तोंडाशी तर रेड्यांनी लोळण घेतल्यासारखं झालं होतं. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी माती ओलसर असताना दाताळं ओढलं असतं तर निभलं असतं. पण मोटारसायकली हॉर्न वाजवत निघाल्या, नबीसाबला उचलून मागे बसवलं, आणि तोही उद्या बघू म्हणाला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात तातडीचा ट्रक आला. त्यानं सोमेशला निरोप दिला, सोमेशनं दुसऱ्याला सांगितलं, आणि शेवटी कुणीच गेलं नाही. त्यात ऑक्टोबरचं ऊन. काळी माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी, वाळली की दगड. दोन दिवसांत बुटांचा एकेक ठसा भट्टीतून भाजून काढल्यासारखा कडक झाला.

पावसामुळे दोन दिवस पळायला न आलेली भुवनेश्वरी तिसऱ्या दिवशी पहाटे पळायला आली. नीट उजाडलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत गोलासमोरच्या वळणावर तिचा पाय एका खड्ड्यात गेला आणि घोट्यातून मुरगळून मोडला. फिरायला आलेल्या दोघांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

नबीसाब धावत पोचला तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं. सहा आठवडे. भरती अकरा दिवसांवर. ती छताकडे बघत पडली होती. त्याला बघून तिनं विचारलं, "मॅच जिंकलात ना, मामा?"

कुत्सितपणानं नाही हो. खरंच विचारलं. दोन दिवस मैदानाकडे फिरकली नव्हती, तिला कळलंच नव्हतं. तो मान हलवून बाहेर आला.

बाहेर बाकावर दानम्मा बसली होती. रडत नव्हती. तो समोर उभा राहिला तसं तिनं मान वर केली. "नबीसाब, त्यापरीस मांडवच बरा होता की," ती म्हणाली. "खांबाचं खड्डं लांबून तरी दिसायचं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अर्ज लिहिला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या क्लबाविरुद्ध. ओल्या मैदानावर खेळून नुकसान केलं, जमीन सारखी केली नाही, सबब क्लबाला वर्षभर मैदान देऊ नये. कचेरीतला कारकून वाचून हसला आणि असला अर्ज कुठल्या फायलीत लावायचा म्हणून त्यालाच विचारू लागला. एरवी नबीसाबनं कचेरी डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी पोचपावती मागून तो निघून आला. अंतिम सामनाही त्यानं सोडून दिला. पोरं चिडली. सामना सोडला म्हणून तिचा पाय जुळणार आहे का, असं सोमेशनं तोंडावर विचारलं. बरोबरच होतं त्याचं. क्लब फुटला.

भरतीच्या दिवशी सकाळी नबीसाब मैदानावर होता. ती माती वाळल्यावर ऐकत नाही. पाणी घालून, मऊ करून, कुदळीनं फोडूनच ती बसवावी लागते. रोज थोडं थोडं करत तो गोलाच्या तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात बँकेतले क्रिकेटवाले आले. त्यांना तिकडच्याच बाजूला खेळायचं होतं.

नबीसाबनं सवयीनं टाच रोवली. वाटी उमटली, आणि राहिली.

"आज न्हाय," तो म्हणाला.

त्यातला एक जण, ज्याला यानं मागच्या वर्षी तीनदा परत पाठवलं होतं आणि जो त्या सामन्याला बघ्यांत उभा होता, बॅट खांद्यावर टाकून म्हणाला, "फाटकापाशी बघा की चाचा. तितं चालतंय."

बाकीचे हसले आणि स्टंप घेऊन आत शिरले. नबीसाबनं त्यांना अडवलं नाही. तिकडे पोलीस मैदानावर या वेळेला मुलींची नावं पुकारायला सुरुवात झाली असणार. तो खाली बसला आणि स्वतःच्या टाचेचा ठसा तळहातानं दाबून दाबून सारखा करत राहिला.